पांढऱ्या जाळीचे स्पीकर

१

बोटीचे स्पीकर एका दिवसात गेले नाहीत. आधी डावा खरखरायला लागला, मग उजव्याने त्याला साथ दिली, आणि एका सकाळी दादाने माइकवर नेहमीसारखं "बसून घ्या, बसून घ्या" म्हटलं तेव्हा लोकांना वाटलं, कोणीतरी घसा खाकरतंय. पुढच्या बाकावरच्या मास्तरांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून दादापुढे धरली. सगळी बोट हसली. दादाही हसला, पण तो बाकीचे हसताना पाहून हसला, हे फक्त मला कळलं.

आमची बोट लहान. दोन्ही बाजूंना बाकं, वर ताडपत्री, पुढे अर्धी काच लावलेली केबिन. केबिनमध्ये दादा सुकाणूवर आणि त्याच्या मागे स्टुलावर मी, त्याची धाकटी बहीण, मांडीवर तिकिटांची पिशवी. सकाळी लोकांना खाडीपलीकडे कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. खाडीला वळसा घालून रस्ता आहे, पण त्या रस्त्याने जाणाऱ्याचा अर्धा दिवस बसमध्येच जातो.

स्पीकर गाण्यांसाठी नव्हते. थंडीत खाडीवर धुकं उतरतं तेव्हा बोटीच्या नाकाचा कंदीलही दिसत नाही. अशा सकाळी दादा मध्यावर इंजिन मंद करायचा आणि माइकवर हाक द्यायचा, "आलो होऽऽ". पलीकडच्या काठावर दगडाचा उभा कडा आहे. त्याच्यावर आपटून हाक परत यायची. बोट जवळ जाईल तशी ती लवकर यायची, आणि तोंड मिटायच्या आत आली की सुकाणू उजवीकडे घ्यायचं. तिथेच धक्का. आमचे वडील नुसत्या घशाने हे करायचे. दादाने फक्त माइक आणला.

अडचण एवढीच होती की दोन वर्षांपासून दादाला ती हाक ऐकू येत नव्हती.

त्याने हे कधी कबूल केलं नाही. त्याच्या मते लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. पण पहिल्याच थंडीत मी कडा बोलल्याबरोबर त्याच्या पाठीवर बोट टेकवलं आणि त्याने काही न विचारता सुकाणू फिरवलं. तेव्हापासून आमचं तसंच चाललं होतं. कान माझे, हात त्याचे. हे बाहेर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बोट काठाला बांधून ठेवावी लागली असती, आणि बोट सोडून दुसरं काही करायची दादाला कल्पनाही करवत नव्हती.

२

स्पीकर घ्यायला मी एकटीच गेले. दादाला दुकानात नेलं की तो दुकानदाराच्या प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणतो आणि नको ती वस्तू गळ्यात पडते.

भोंगेवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही भिंतींना छतापर्यंत स्पीकर आणि मधून एका माणसाला आडवं चालता येईल एवढी वाट. भोंगेवाला स्वतः तब्येतीने भरलेला, त्यामुळे तो आत असला की गिऱ्हाइकाने दारातच उभं राहायचं.

त्याने आधी खास बोटीसाठी बनवलेली जोडी दाखवली. खाऱ्या पाण्याला दाद न देणारी, गंज न धरणारी. किंमत ऐकून मी म्हटलं, "ह्यात बोट पण येते का?"

"ताई, वस्तू तशी आहे."

"आणि आमची बोट अशी आहे. खालचं दाखवा."

मग त्याने मोटारीत बसवतात ते काढले. स्वस्त होते, पण आतला पडदा कागदाचा. खाडीच्या हवेत महिन्याभरात त्याचा लगदा झाला असता, हे मला त्यानेच सांगितलं. माणूस धंद्याला कच्चा होता. मी निघायला वळले तेव्हा त्याने मागच्या फळीवरून एक जोडी खाली घेतली. पांढरी जाळी, प्लास्टिकचा पडदा, मागे घट्ट रबर. नावगाव काही नाही. मी बोटाने पडदा दाबून पाहिला, वायरीची टोकं पाहिली. कुठे गंजाचा ठिपका नव्हता.

"हे कमीत देतो. परत आलेला माल आहे."

"बिघडलेत म्हणून?"

"छे हो. वाजवून दाखवतो." त्याने दाखवले. आवाज काचेसारखा स्वच्छ होता. "गिऱ्हाईक म्हणाला, फार ऐकू येतं. आता बोला! लोक ऐकू येत नाही म्हणून भांडतात, हा ऐकू येतं म्हणून परत देऊन गेला."

मी हसले. तोही पोट हलवत हसला. मग मी आणखी थोडी घासाघीस केली आणि जोडी पिशवीत घालून बाहेर पडले. अशा चांगल्या सौद्यानंतर माणूस जसा ऐटीत चालतो तशी मी त्या दिवशी घरापर्यंत चालत गेले.

३

बसवायचं काम मीच केलं. जुने काढले तेव्हा त्यांच्या मागून गंजाची ओंजळभर भुकटी पडली. नव्यांचे स्क्रू जुन्या भोकांत बरोबर बसले, हेही मला तेव्हा नशीबच वाटलं होतं.

दुपारचं ऊन होतं. बोट आमच्याच काठाला बांधलेली, खाडी रिकामी. मी केबिनच्या टपावर पालथी पडून डाव्या स्पीकरची शेवटची वायर आवळत होते आणि दादा खाली केबिनमध्ये माइक धरून उभा होता. मी हाताने खूण केली. त्याने हाक दिली, "आलो होऽऽ".

आवाज असा सुटला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. मी खूश होऊन मान वर केली. तेवढ्यात खालून दादा म्हणाला, "आला."

आणि मग, त्यानंतर, पलीकडून कड्याचा आवाज आला. एवढ्या लांबून यायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घेऊन.

मी टपाच्या कडेवरून खाली डोकावले. दादा काचेकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं. त्याचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा फुलला होता.

"छोटी," तो म्हणाला. मी चाळिशी ओलांडली तरी त्याच्यासाठी छोटीच. "छोटी, अगं मला ऐकू आलं!"

मला रडूच आलं. आधी आला की नंतर आला, हा विचार त्या वेळी कोण करत बसतं? मला वाटलं, हाक संपली म्हणून तो अंदाजाने "आला" म्हणाला असेल आणि मग खरंच ऐकू आलं असेल. रात्री अंथरुणावर मी आणखी एक कारण शोधलं. कान जातात तेव्हा सगळे सूर एकदम जात नाहीत म्हणे. काही शिल्लक राहतात. ह्या स्पीकरचा आवाज नेमका त्या शिल्लक सुरात बसत असेल. कारण चांगलं होतं आणि मी त्यावर झोपले.

४

पहिलं धुकं पडलं त्या सकाळी बोट भरलेली होती. अशा दिवशी लोक आपोआप गप्प बसतात. मास्तर मांडीवर डबा धरून बसले होते, दवाखान्यातली नर्स शाल डोक्यावरून घेऊन. ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं.

मध्यावर दादाने इंजिन मंद केलं, हाक दिली आणि लगेच हात वर केला. "आला."

मी कान लावला होता. मला काही ऐकू आलं नव्हतं. मग आला, समोरून, नेहमीसारखा. मी त्याच्या पाठीवर बोट टेकवलं तर त्याने खांदा झटकला.

पुढच्या प्रत्येक हाकेला तसंच झालं. आधी तो, मग मी. धक्का आला तेव्हा बोट अशी अलगद लागली की कोणाच्या डब्याचं झाकणही वाजलं नाही. मास्तर उतरताना म्हणाले, "आज लोण्यातून आणलीत." दादाने मान डोलावली. त्याने मास्तरांचे ओठ वाचले होते, ऐकलं नव्हतं. माणसांचं बोलणं त्याला अजूनही ऐकू येत नव्हतं. हे मी पाहिलं आणि तिथेच सोडून दिलं, कारण त्या दिवशी तो परतीच्या वाटेवर शीळ घालत होता.

५

घरी वहिनी खूश होती. दादाची बायको आणि मी, आमचं बहिणींसारखं आहे. फक्त मला चिडवायचं असलं की ती मला "वन्सं" म्हणते.

"वन्सं, काय जादू केलीत? ह्यांना आता घरात पण ऐकू यायला लागलंय."

"काय सांगतेस?"

"अगं, काल मी भांडी घासत होते. हे बाहेरच्या खोलीतून ‘आलो, आलो’ करत आले. पार आतल्या दारापर्यंत."

"तू हाक मारली होतीस?"

वहिनीने ताट पुसता पुसता विचार केला. "नाही. पण मारणारच होते." आणि ती हसली. "इतकी वर्षं मी घसा फोडला तेव्हा ओ दिली नाही, आता न मारता देतायत. चालेल मला."

त्या आठवड्यात ते मीही पाहिलं. दादा पेपर वाचत बसलेला. घरात कोणाचा आवाज नाही, नळाचं पाणीसुद्धा बंद. त्याने एकदम मान वळवली, चष्मा काढला, "आलो" म्हणाला आणि उठून चपला घातल्या. मग दारात थांबला. आपण कुठे निघालो होतो हे आठवत नसल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला आणि चपला काढून परत पेपर घेऊन बसला.

ते दार खाडीच्या बाजूला उघडतं. पण आमच्या घराला बाहेर जायचं दारच तेवढं एक आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

६

माझं डोकं असं आहे की त्याला पुरावा लागतो. एका दुपारी, लख्ख उन्हात, बोट रंगवायचं सामान आणायच्या निमित्ताने आम्ही दोघंच निघालो. खाडीच्या मध्यावर मी म्हटलं, "दादा, डोळे मिटून हाक दे. बघू धुक्याशिवाय जमतं का."

त्याला असले खेळ आवडायचे. त्याने डोळे मिटले. मी स्टुलावरून खाली वाकले आणि स्पीकरच्या मशीनची वायर उपटली.

स्पीकर मेले. दादाने माइक तोंडाशी धरला आणि हाक दिली. ती नुसत्या घशाची हाक होती, केबिनच्या काचेपलीकडेसुद्धा धड न गेलेली. ह्यातला फरक त्याला कळला नाही, कळणारही नव्हता. कडा गप्प राहिला. पाणी बोटीच्या बुडाला हळूहळू आपटत होतं, तेवढाच आवाज.

"आला," दादा म्हणाला. डोळे मिटलेलेच. त्याने हात वर करून दिशा दाखवली.

डावीकडे. डावीकडे कडा नाही, काठ नाही. तिकडे खाडी रुंद होत समुद्राला मिळते.

माझ्या हातात वायर होती. मी ती साडीच्या पदराला पुसत राहिले.

"दादा," मी त्याचा खांदा हलवला आणि त्याने डोळे उघडल्यावर समोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "काय ऐकू येतं तुला? तुझीच हाक?"

"आधी माझीच यायची." तो सहज म्हणाला. "आता ‘या’ म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"अगं, धक्क्यावरचे. दुसरं कोण असणार?"

ऊन डोक्यावर होतं. डावीकडे डोळे दिपतील एवढं पाणी चकाकत होतं आणि त्याच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. दादा तिकडे तोंड करून उभा होता, आणि कोणी ओळखीचं दिसल्यावर करतात तशी त्याने किंचित मान हलवली.

७

मी स्पीकर परत घेऊन जायचं ठरवलं. स्क्रू काढायला टपावर चढले तेव्हा दादा आला आणि त्याने खालूनच माझा पाय धरला.

"काय चाललंय?"

"हे खराब आहेत, दादा. दुसरे बसवते. ते महागाचे आणू."

"खराब?" माझे ओठ त्याने दोनदा वाचले. "दोन वर्षांनी मला काहीतरी ऐकू येतंय आणि तुला ते खराब वाटतं?"

"तसं नाही रे."

"मग कसं? पाठीवर बोट टेकवायला मिळत नाही म्हणून? मला काय कळत नव्हतं का, छोटी? रोज सकाळी एवढी माणसं माझ्या भरवशावर बसायची आणि मी तुझ्या बोटाची वाट बघायचो. कुत्र्यागत."

मी कधी त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. खाली उतरले. स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला. मी काय सांगणार होते त्याला? की तुला जे ऐकू येतं ते मला येत नाही? ते तर बहिऱ्याने ऐकू येणाऱ्याला सांगायचं वाक्य. आमच्या दोघांत बहिरा कोण, हे तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पण मी एक केलं. खाडीवर असताना कान उघडे ठेवायचे, आणि कड्याचा आवाज आल्याशिवाय सुकाणू फिरलं तर आपण ते धरायचं, असं ठरवलं. मला वाटलं, एवढं पुरेल.

८

ते धुकं वेगळं नव्हतं. लोक नंतर म्हणाले की असं धुकं पूर्वी पाहिलं नाही, पण मी पाहिलं होतं, पुष्कळदा.

दादा सकाळपासून आनंदात होता. स्वच्छ सदरा घातलेला. निघताना म्हणाला, "छोटी, आज तू मागे बस. तिकिटं तिकडूनच सुरू कर." मी नको म्हटलं तर त्याने लोकांदेखत माझं स्टूल उचलून मागे नेऊन ठेवलं. सगळे बघत होते. वाद घालायचा म्हणजे सगळं उघडं करायचं. मी मागे गेले.

मागच्या बाकापासून तिकिटं देत मी पुढे सरकत होते. इंजिन मंद झालं. हाक गेली, "आलो होऽऽ". मी हातातली चिल्लर मुठीत दाबून कान लावला. समोरून, लांबून, कडा बोलला. ठीक. अजून मध्यावर आहोत. मी पुढच्या बाकाकडे वळले.

दुसरी हाक आलीच नाही. इंजिन बंद झालं.

बोट आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि मग तिच्या बाजूची टायरं कशाला तरी घासली. रबराचा तो ओळखीचा आवाज, रोजचा, धक्क्याला लागतानाचा. दादाने नेहमीच्या सवयीने दोर उचलून धुक्यात फेकला. दोर पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. तो ताणला गेला.

लोक उठले. रोजच उठतात, न बघता. कोणी डबा घेतं, कोणी मफलर सारखा करतं. मास्तर म्हणाले, "आज लवकर आलो की." नर्सने पर्स खांद्याला लावली आणि एक पाय बोटीच्या कडेवर ठेवला. दादा तिच्याआधी उतरला. तो नेहमीच आधी उतरतो, खाली उभा राहून लोकांना हात देतो.

त्याची पावलं मला ऐकू आली. लाकडावर पडली ती. पोकळ, ओलसर फळ्यांवर. आमचा धक्का सिमेंटचा आहे.

"या," धुक्यातून दादाचा आवाज आला. "सावकाश या." आणि त्याचा हात पुढे आला, पांढऱ्या बाहीतला, नर्ससाठी.

मी बाकांवरून उड्या मारत केबिनमध्ये शिरले, माइक ओढला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "थांबा!"

सगळे थिजले. स्पीकरमधून माझा आवाज गेला. मग काही नाही. धुक्यात थेंब पडत राहिले. आणि मग लांबून, खूप लांबून, समोरून कडा बोलला, "थांबा."

त्या बोटीतला प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं तो कडा ऐकत आला होता. इतक्या लांबून आवाज येतो म्हणजे बोट कुठे आहे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मास्तर मटकन खाली बसले. नर्सने पाय आत घेतला. तो हात मात्र तसाच पुढे होता, वाट बघत.

मी दोर बांधलेल्या खुंटापाशी पोचले. तिथे धुकं जरा विरळ झालं होतं, हातभर. दोर ताठ होता आणि त्याच्यावर मुठी होत्या. एकीपुढे एक, एकीपुढे एक, बोटीच्या कडेपासून धुक्यात दिसेनाशा होईपर्यंत. त्या ओढत नव्हत्या. नुसत्या धरून होत्या, सगळी माणसं उतरेपर्यंत दोर धरून ठेवतात तशा.

"दादा!" मी ओरडले. "दादा, परत ये! वर ये!"

"आलो, आलो," तो आतल्या बाजूला कोणालातरी म्हणाला. मला नव्हे. माझा आवाज त्याला ऐकूच येत नव्हता.

मी खुंटावरचे वेढे काढले आणि दोर सोडून दिला. इंजिन सुरू केलं, उलटं टाकलं. तो हात पांढरा दिसत होता, मग करडा, मग दिसला नाही. माझ्या हातांनी केलं हे सगळं, आणि मला आजही दुसरं काही करता आलं असतं असं वाटत नाही, आणि तरीही मला ह्याबद्दल कोणी माफ करू नये असं वाटतं.

९

लोकांनी सांगितलं की तोल गेला. कागदावरही तेच आहे. बोट कशाला लागली होती हे कोणी विचारलं नाही आणि कोणी बोललं नाही. नर्स आता वळशाच्या बसने जाते. मास्तर अजून येतात, पण मागच्या बाकावर बसतात. पाणबुड्यांनी ती जागा तळापर्यंत शोधली. तिथे चिखल होता.

वहिनीने मला एकच प्रश्न विचारला. सगळे गेल्यावर, आम्ही दोघीच असताना. "पाण्याचा आवाज आला होता का?"

खोटं बोलायला पाहिजे होतं. एक शब्द बोलले असते तर ती रडली असती, आणि कधीतरी रडून संपली असती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी म्हटलं, "नाही."

"नाही ना," वहिनी म्हणाली आणि उठून कामाला लागली.

पांढऱ्या जाळीचे स्पीकर मी त्याच आठवड्यात काढून हातोड्याने फोडले. खास बोटीसाठी बनवलेली ती महागाची जोडी कर्ज काढून आणली. आता सुकाणूवर मी असते. हाक माझी, कानही माझे, आणि मला कड्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. ह्या थंडीत धुकं सुरू झालं तशी वहिनी बोटीवर यायला लागली. पलीकडे तिचं काही काम नसतं. जाते आणि त्याच बोटीने परत येते. मी नको म्हटलं, रागावले, एकदा तिला सोडून निघाले तर ती धक्क्यावर तशीच उभी राहिली. घरी एकटी बसण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर असलेली बरी, म्हणून मी तिला पुढच्या बाकावर, माझ्या हाताच्या अंतरावर बसवते.

आज मध्यावर मी इंजिन मंद केलं आणि हाक दिली. कडा अजून बोलायचा होता. बोटीत कोणीही हललं नव्हतं.

वहिनी उठून उभी राहिली. तिने पदर खोचला, केसांवरून हात फिरवला आणि उतरण्यासाठी बोटीच्या कडेला हात टेकला.